ओ-रिंग कुणाची?

पत्र: माझ्या ३८ स्कूबा डाइव्ह झाल्या, सगळ्या भाड्याच्या सामानावर. आता स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, घ्यायचं ठरवलंय आणि पहिल्याच पायरीवर अडकलेय: तो टाकीला जोडायचे दोन प्रकार, डिन आणि योक. इन्स्ट्रक्टर म्हणतात, डिनच घे, योक आता कोण घेतं? माझी डाइव्ह बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, म्हणते, योक घे, कुठेही गेलीस तरी चालतो, डिन घेऊन ॲडॅप्टरचं लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतेस? येत्या दोन वर्षांत मालदीवला लिव्हअबोर्डवर (मुक्कामाच्या डाइव्ह बोटीवर), मग लाल समुद्रात आणि नंतर माल्टाला जायचा बेत आहे. पुढे रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डाइव्हचा, कोर्स करायचाय. मागच्या ट्रिपला बोटीवर टाकी उघडल्याबरोबर मानेमागे असा काही फुस्कारा झाला की मी ती डाइव्हच सोडून दिली. डिन असता तर हे झालंच नसतं, असं इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं. खरं आहे का? आणि बडी तिचा जुना योक रेग्युलेटर मला देऊ करतेय. तो घेऊन नंतर डिन करून घेता येतो का? — कात्रीत सापडलेली

तुमच्या त्या फुस्काऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण उत्तर तिथेच आहे. तेव्हा तुमच्या मानेमागे काय झालं असावं ते आधी डोळ्यांसमोर आणा. टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडाभोवती एक उथळ खाच असते आणि तिच्यात अंगठ्याच्या नखाएवढी, काळ्या रबराची एक कडी बसवलेली असते. हीच ओ-रिंग. योक रेग्युलेटर लावताना फर्स्ट स्टेजचा (रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या तुकड्याचा) सपाट भाग या कडीवर टेकतो आणि मागचा स्क्रू आवळला की कडी दबून फट बंद होते. ही कडी टाकीची असते. दिवसातून दोन-तीन वेळा तिच्यावर कुणीतरी वेगळाच रेग्युलेटर आवळतं, ती उन्हात भाजते, मिठात भिजते, तिच्यावर वाळू बसते. एखाद्या दिवशी नखाने टोकरल्यासारखी बारीक चीर पडते किंवा ती खाचेतून केसभर वर येते. मग व्हॉल्व्ह उघडला की तिची एक बाजू बाहेर ढकलली जाते, आणि तुम्ही ऐकलात तो आवाज येतो.

आवाज भयंकर, दुखणं मात्र किरकोळ. व्हॉल्व्ह बंद करायचा, पर्ज (तोंडात धरायच्या भागावरचं हवा सोडायचं बटण) दाबून दाब सोडायचा, रेग्युलेटर काढायचा, नवी कडी बसवायची. सरावलेल्या माणसाला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी तुम्ही डाइव्ह सोडलीत त्यात काही चुकलं नाही. काय बिघडलंय हे कळत नसताना पाण्यात न उतरणं हेच बरोबर. फक्त पुढच्या वेळी बोटीवरच्या माणसाला ‘ओ-रिंग बदला’ एवढं सांगा, म्हणजे अख्खी डाइव्ह जाणार नाही.

आता डिनकडे. यात फर्स्ट स्टेजलाच आटे असतात आणि ते टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायचे. ओ-रिंग असते, पण ती तुमच्या रेग्युलेटरच्या टोकावर, आणि बसल्यावर ती धातूच्या कप्प्यात चहूबाजूंनी बंदिस्त होते. बाहेर सरकायला तिला वाटच उरत नाही. म्हणून योकची कडी जशी बाहेर फेकली जाते तशी डिनची सहसा फेकली जात नाही. तुमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं.

पण माझ्या मते दोन्हींतला मोठा फरक वेगळाच आहे. योकमध्ये कडी टाकीची, म्हणजे परक्याची. डिनमध्ये कडी तुमची. तुम्हीच ती धुता, पुसता, बघता आणि चिरली की बदलता. ट्रिपला जाणाऱ्यासाठी डिन आणि योक यांच्यातली निवड म्हणजे ‘आपला श्वास ज्या रबरी कडीवर अवलंबून आहे ती सांभाळणार कोण’ याची निवड. बाकीचे बहुतेक वाद मला दुकानी वाटतात.

नावांचंही जाता जाता सांगतो. योक म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं. टाकीच्या मानेवर चढवलेली ती चौकट पाहिली की नाव पटतं. फ्रेंच लोक तिलाच रिकीब म्हणतात, तेही आकारावरूनच. कॅटलॉगमध्ये ती ‘इंट’ किंवा ‘ए-क्लॅम्प’ या नावानेही सापडेल, वस्तू एकच. आणि डिन म्हणजे जर्मनीच्या मानकसंस्थेच्या नावाची आद्याक्षरं. आपण रोज वापरतो तो ए-४ कागद हीसुद्धा याच संस्थेची १९२२ सालची देणगी. आट्यांच्या बाबतीत जर्मन माणूस काटेकोर असतो हे ऐकून होतो, कागदाच्या बाबतीतही असतो हे नंतर कळलं.

दुकानात तुम्हाला दाबाचे आकडे ऐकवतील. योक २३२ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक), डिन ३०० बारपर्यंत. आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या कामाचे फारसे नाहीत. सुट्टीवरच्या बोटींवर बहुतेक वेळा जी ॲल्युमिनियमची टाकी मिळते, ती साधारण ११ लिटरची असते आणि भरते २०७ बारपर्यंत. ३०० बारच्या टाक्या तुमच्या बेतातल्या ठिकाणी समोर येण्याची शक्यता कमीच. तेव्हा ‘योक एवढा दाब पेलत नाही’ असं कुणी म्हणालं तर कुठला दाब ते विचारा.

दाबाची एक गोष्ट मात्र समजून घ्या, कारण ती रोज बोटांना जाणवते. २०० बारला त्या नखाएवढ्या कडीच्या आतल्या वर्तुळावर जवळपास २५० किलोंचा रेटा पडतो, योकमध्येही आणि डिनमध्येही. हा रेटा फर्स्ट स्टेजला टाकीपासून दूर ढकलत असतो. योकमध्ये तो चौकटीच्या दोन बाहूंवरून मागच्या स्क्रूवर जातो. म्हणून टाकी उघडली की तो स्क्रू दगडासारखा घट्ट होतो. डाइव्ह संपल्यावर ‘निघतच नाही’ म्हणून पाना शोधणारी माणसं मी दर मोसमात बघतो. दहांपैकी नऊ जणांनी पर्ज दाबून आतला दाब सोडलेलाच नसतो. व्हॉल्व्ह बंद करा, पर्ज दाबा, गेजचा काटा शून्यावर येऊ द्या, मग तोच स्क्रू दोन बोटांनी फिरतो. आवळायचाही दोन बोटांनीच. जोर लावून आवळल्याने सील चांगलं होत नाही, फक्त कडी लवकर मरते.

डिनमध्ये हा रेटा आटे घेतात आणि तेही सीलच्या अगदी जवळ. त्यामुळे जोड आटोपशीर आणि बसका होतो, बाहेर आलेलं काही राहत नाही. रेकच्या आत लोखंडी तुळईवर किंवा गुहेच्या छतावर टाकीची मान आपटली तर योकची चौकट जागेवरून हलू शकते आणि कडी निसटू शकते. डिन हलत नाही. डोक्यावर छत असेल तर सरळ वर येता येत नाही, म्हणून रेक, गुहा आणि टेक्निकल डायव्हिंगमध्ये बहुतेक डिनच वापरतात. त्या कारणाशी मी वाद घालणार नाही.

उघड्या पाण्यात मात्र योकला धोकादायक म्हणणं अन्याय आहे. योकवर रोज हजारो माणसं उतरतात आणि हसत वर येतात. टाकीच्या मानेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघत असेल तर ती तुम्हाला दिसणार नाही, ती तुमच्या मागे असते. म्हणून उतरल्यावर पाचेक मीटरवर थांबून बडीने तुमच्या मानेकडे आणि तुम्ही तिच्या मानेकडे एक नजर टाकायची. ही सवय जोड कुठलाही असला तरी लावून घ्या. माळ दिसली तर वर जाऊन दुरुस्त करून पुन्हा उतरायचं. एकदम मोठी गळती झालीच तर बडीचा ऑक्टोपस (तिच्या रेग्युलेटरचं जादा माउथपीस) घेऊन दोघींनी शांतपणे वर यायचं, जसं शिकवलंय तसं.

आता नकाशा बघू. अमेरिका, कॅरिबियन, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियात सुट्टीवरच्या डायव्हिंगमध्ये योकचंच राज्य. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि स्कँडिनेव्हियात डिनचं. युरोपच्या समुद्रात, म्हणजे माल्टाला वगैरे, डिनवाला कधी पाहुण्यासारखा वाटत नाही. मालदीव आणि लाल समुद्र ही तुमच्या यादीतली दोन ठिकाणं मधली. तिथे जगभरातून माणसं येतात, म्हणून पुष्कळ बोटींवर असे व्हॉल्व्ह असतात ज्यांत दोन्ही चालतं.

हा दुहेरी व्हॉल्व्ह मुळात डिनचाच असतो. त्याच्या भोकात पितळेची एक गुंडी बसवलेली असते, मध्ये आरपार छिद्र असलेली. तिला इन्सर्ट म्हणतात. गुंडी आत असली की व्हॉल्व्ह योकचा, काढली की डिनचा. ती काढायला एलन की (षटकोनी टोकाची चावी) लागते, बहुतेक वेळा ८ मिलिमीटरची, काही व्हॉल्व्हना ६ ची. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात ज्या टाकीची गुंडी दोन वर्षं कुणी हलवलेली नाही ती मिठाने अशी धरून बसते की चावी फिरवताना माणूसच टाकीभोवती फिरतो. म्हणून हे काम बोटीवरच्या माणसालाच करू द्या, आणि पहिल्या डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, शिट्टी वाजल्यावर नाही. टाकी बंद असल्याशिवाय त्या गुंडीला हातही लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

इन्सर्ट निघत नसेल किंवा व्हॉल्व्ह निव्वळ योकचाच असेल तर ॲडॅप्टर. तुमची बडी ज्याला लोढणं म्हणते ते. डिनच्या आट्यांवर फिरवून बसवायची योकची चौकट. ते चालतं, मी स्वतः कित्येक डाइव्ह त्यावर केल्यात. पण त्याचे तीन हिशेब आहेत आणि दुकानात एकच सांगतात.

पहिला हिशेब वजनाचा. डिनचा फर्स्ट स्टेज योकपेक्षा दोन-अडीचशे ग्रॅम हलका, म्हणून प्रवासाला बरा, असं ऐकवतात. बरोबर. पण बॅगेत ॲडॅप्टर टाकलात की तेवढंच वजन परत येतं, कधी थोडं जास्तच.

दुसरा हिशेब डोक्याचा, अक्षरशः. ॲडॅप्टरच्या जाडीएवढा फर्स्ट स्टेज तुमच्या डोक्याच्या दिशेने पुढे येतो. आडवं पोहताना मान वर करून पुढे बघितलं की डोक्याचा मागचा भाग त्याला टेकतो. काहींना जाणवत नाही, काहींचा सगळा आठवडा त्यात जातो. टाकी पट्ट्यात बोटभर खाली बांधली तर सुटतं.

तिसरा हिशेब मी खरा मानतो आणि तो फारसं कुणी मांडत नाही. ॲडॅप्टर लावलात की डिनचा मुख्य फायदाच गेला. आता तुमची स्वतःची कडी आहेच, शिवाय टाकीवरची ती परकी कडीही मध्ये आली. एका सीलच्या जागी दोन. म्हणजे दहांपैकी नऊ डाइव्ह ॲडॅप्टरवरच होणार असतील तर डिन घेऊन तुम्ही योकच वापरताय, फक्त जास्त लांब आणि जास्त महाग. अशा माणसाला मी सरळ योक घ्यायला सांगतो. तुमची बडी दरवर्षी कॅरिबियनला जात असेल तर तिच्यापुरतं ती अगदी बरोबर आहे.

उलट बाजूही बघून ठेवा. योक रेग्युलेटर घेऊन डिनच्या मुलखात गेलात तर? व्हॉल्व्ह २०० बारचा, इन्सर्ट घेणारा असेल तर गुंडी लावली की झालं. पण ३०० बारच्या व्हॉल्व्हचं भोक जास्त खोल असतं, त्यात ही गुंडी चालत नाही. मग बोटीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी टाकी शोधत बसायचं. डिनला योकच्या टाकीवर बसवायचा मार्ग जवळपास नेहमी निघतो, योकला डिनवर बसवायचा नेहमी निघतोच असं नाही. हे एक कारण डिनच्या पारड्यात टाका.

जाता जाता, डिनमध्येही दोन लांब्या असतात. २०० बारच्या जोडाला पाच आटे, ३०० च्या जोडाला सात. सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्ही व्हॉल्व्हमध्ये बसतो. पाच आट्यांचा मात्र ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचत नाही आणि सील होत नाही, ते मुद्दाम तसंच केलंय. हल्ली नवे रेग्युलेटर सात आट्यांचेच येतात. जुना घेत असाल तर आटे मोजा.

तर तुम्ही काय घ्यायचं? डिन, सोबत एक चांगला ॲडॅप्टर. इन्स्ट्रक्टर म्हणतात म्हणून नाही. तुमच्या यादीत माल्टा आहे, दोन अशी ठिकाणं आहेत जिथे इन्सर्ट काढून मिळण्याची चांगली शक्यता आहे, आणि पत्राच्या मध्येच घाईघाईत एक वाक्य आहे, रेकच्या कोर्सचं. ते वाक्य नसतं तर मी बराच वेळ डोकं खाजवलं असतं. ते असल्यामुळे आज योक घेतलात तर दोन वर्षांनी तो बदलायला दुकानात जाल.

आता बडीच्या जुन्या रेग्युलेटरचं. योकचा डिन करता येतो का? बऱ्याच वेळा येतो. त्याच फर्स्ट स्टेजच्या दोन आवृत्त्या कंपनी काढते, फरक फक्त पुढच्या जोडाचा. योकची चौकट काढून त्या जागी डिनचा तुकडा बसवायचा. पण तुकडा त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा, आणि तो टॉर्क रेंचने ठरलेल्या ताकदीनेच आवळावा लागतो. घरच्या पान्याने नाही. म्हणून पैसे देण्याआधी सर्व्हिस करणाऱ्याला मॉडेलचं नाव सांगून दोन गोष्टी विचारा. डिनचा तुकडा अजून मिळतो का, आणि सर्व्हिसचे सुटे भाग अजून मिळतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर बडीने फुकट दिला तरी घेऊ नका. दोन्ही ‘हो’ असतील तर तुकड्याचा, सर्व्हिसचा आणि बडीला द्यायचा खर्च एकत्र मांडा आणि नव्याच्या शेजारी ठेवून बघा. बहुतेकदा अंतर वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघतं. बदल करायचाच तर सर्व्हिसच्या वेळीच करून घ्या, म्हणजे तो एकदाच उघडला जाईल.

डिन घेतलात तर हाताला थोडं नवं वळण लावावं लागेल. आटे आडवे लागले तर खराब होतात, म्हणून हलत्या बोटीवर सुरुवातीला टोक सरळ धरून हलकेच अर्धा आटा उलटा फिरवायचा. खट् असं जाणवलं की मग सुलटा. पहिले दोन फेरे सहज गेले पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका, काढून पुन्हा लावा. शेवटपर्यंत हातानेच, आणि टेकलं की थांबा. दुसरं म्हणजे डिनच्या व्हॉल्व्हचं तोंड खोलगट असतं आणि त्यात खारं पाणी साठतं. लावण्याआधी तोंड स्वतःपासून आणि शेजाऱ्यापासून दुसरीकडे करून व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, पाणी उडून जाईल. नाहीतर ते थेंब तुमच्या फर्स्ट स्टेजमध्ये जातील.

डस्ट कॅपबद्दल, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या झाकणाबद्दल, मी जरा चिडका आहे. सर्व्हिसला आलेल्या रेग्युलेटरचा फिल्टर हिरवा पडलेला दिसला की विचारावंच लागत नाही. माणसाने ओली कॅप लावली, किंवा धुण्याच्या टबात कॅप न लावताच बुडवला, किंवा टबात असताना सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, पर्ज दाबलं आणि पाणी नळीतून वर चढलं. कॅप आतून कोरडी करा, मग लावा, मग धुवा. डिनची कॅप पोकळ असते, तिच्या तळाशी थेंब लपतो, तो कपड्याच्या टोकाने टिपून काढा.

ॲडॅप्टरबद्दल एक स्वतःची फजिती. एका ट्रिपला मी रेग्युलेटरला ॲडॅप्टर लावून पहिली डाइव्ह केली आणि वर येऊन चहा पीत बसलो. टाक्या बदलणारा मुलगा कामाचा होता. त्याने माझा रेग्युलेटर काढला, पण योकचा स्क्रू सोडवण्याऐवजी डिनचं चाक फिरवून काढला. ॲडॅप्टर टाकीवरच राहिला आणि रिकाम्या टाक्यांबरोबर किनाऱ्यावर कॉम्प्रेसरकडे रवाना झाला. दुसरी डाइव्ह मी उसन्या रेग्युलेटरवर केली, ज्याचं माउथपीस कुणीतरी चावून चावून अर्धं केलं होतं. संध्याकाळी ॲडॅप्टर परत मिळाला, पण तेव्हापासून त्याला भडक केशरी टेप गुंडाळलेली असते आणि टाकी बदलताना मी चहा उभ्यानेच पितो. तुम्हीही टेप लावा. ट्रिपभर ॲडॅप्टरच लागणार असेल तर तो पहिल्या दिवशी रेग्युलेटरवर बसवून शेवटच्या दिवसापर्यंत काढू नका. आणि टाक्या बदलणाऱ्याला हात लावून दाखवा, इथून काढायचं, तिथून नाही.

पुढे कधी नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) शिकलात तर युरोपात एम-२६ नावाचा तिसरा जोड कानावर येईल. तो नायट्रॉक्ससाठी वेगळा ठरवलेला, थोडा जाड आट्यांचा, आणि साध्या डिनमध्ये बसत नाही. आत्ता त्याची काळजी करू नका. नायट्रॉक्स हवं असेल तर टाकी कुठल्या जोडाची मिळेल, एवढं बुकिंग करतानाच विचारायचं.

विचारण्यावरून आठवलं. मालदीवच्या बोटीला निघण्याच्या महिनाभर आधी एक छोटा मेल टाका. ‘तुमच्याकडे डिन आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात आणि कुठल्यातरी खणात एक ॲडॅप्टर असतो त्याच्या भरवशावर म्हणतात. असं विचारा: टाक्यांचे व्हॉल्व्ह इन्सर्ट काढता येणारे आहेत का, आठवडाभर माझ्या टाकीचा इन्सर्ट काढून ठेवाल का, आणि टाकी रोज तीच मिळेल की बदलत राहील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचलं की बोट कशी चालते ते कळतं. पुष्कळ लिव्हअबोर्डवर टाकी आठवडाभर तुमच्या जागेवरच राहते आणि नळीने तिथेच भरतात. तसं असेल तर पहिल्या दिवशी गुंडी काढली की शेवटपर्यंत डिन.

बॅगेत ॲडॅप्टर आणि एक एलन की टाका. चावी चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या सामानातून विमानतळावर काढून घेऊ शकतात. रेग्युलेटर मात्र हातातच ठेवा. आणि एका छोट्या डबीत दोन मापांच्या ओ-रिंग घ्या: तुमच्या डिनसाठी ११२ नंबरच्या, त्या जाड, आणि योकच्या टाकीसाठी ०१४ नंबरच्या, त्या बारीक. डिनच्या मापाची दुकानात एकदा आपल्या रेग्युलेटरशी खात्री करून घ्या, एखाद्या मॉडेलला वेगळी लागते. प्रत्येकी पाच पुरतात. ०१४ च्या बहुधा तुम्हाला लागणारच नाहीत. पण त्या बोटीवर कुणाच्या तरी मानेमागे फुस्कारा होईल, तो माणूस तुमच्यासारखाच घाबरून डाइव्ह सोडायला निघेल, तेव्हा डबी उघडून त्यातली एक त्याच्या हातावर ठेवा.